डॉक्टरला लग्नाचं उशिरा कळवायचं

आमच्या भागात एके काळी लग्न ठरलं की लगेच तीन कामं असायची. मंडपवाल्याला सांगायचं, आचाऱ्याला सांगायचं आणि डॉक्टरला कळू द्यायचं नाही.

डॉक्टर म्हणजे आमच्या गावापासून आठ किलोमीटरवर धानाच्या बांध्यांमध्ये जो सरकारी दवाखाना होता, तिथले डॉक्टर. पार तिकडचे, पुण्याच्या बाजूचे. एका वर्षासाठी आले आणि नऊ वर्षं राहिले. ब्रह्मपुरीत उतरलेला बाहेरचा साहेब बदलीचा अर्ज खिशात घेऊनच उतरतो, हा आमचा अनुभव. त्यामुळे हा माणूस जात का नाही, याची लोकांना आधी काळजीच वाटली. तिकडे काहीतरी भानगड केली असेल, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

भानगड एवढीच होती की त्यांना आजारी नसलेल्या माणसाचा फार सोस होता. आजारी माणसाला डॉक्टरनं गाठलं तर आपण समजू शकतो. हे धडधाकट माणसाला गाठायचे. अंगणातल्या रांजणात वाकून डासांच्या अळ्या बघायचे. पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असलेल्या माणसाला तोंड उघडायला लावून तीन बोटं आत जातात का ते बघायचे. माझी आई म्हणायची, "बरा माणूस दिसला का याच्या पोटात दुखते." पण त्यांनी घरात पाय ठेवला की तीच आई चहात साखर जास्त टाकायची.

लग्नात तर ते हमखास यायचे. आहेर एकच, मच्छरदाणी. ती नवऱ्यामुलाच्या हातात द्यायची आणि हळूच, आपल्या त्या धुतलेल्या मराठीत विचारायचं, "दोघांचीही सिकलसेलची तपासणी झालेली आहे ना?"

सिकलसेल काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणसाची हाडं दुखतात. थंडीत जास्त. दुखतात म्हणजे असं की मोठा माणूस लहान मुलासारखा ओरडतो. हे आईबापांकडून येतं. आमच्या बौद्धांच्या वस्त्यांमध्ये आहे, जंगलातल्या गोंडांच्या गावांमध्ये आहे, इतरांमध्येही आहे. दोघांपैकी एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक असतो. त्याला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. दोघांकडून आलं तर आजार. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं होतं की लग्न ठरवायच्या आधी दोघांचं रक्त बघा.

आता मंडपात वाजंत्री वाजत असताना हा प्रश्न कोणाला आवडेल? आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच गुण जुळवणं, मंगळ, शनी सगळं सोडून दिलं. माझा मोठा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, घरातल्या प्रत्येक सोयरिकीत त्याचा शब्द शेवटचा, तो म्हणायचा, "बामनाची पोथी बंद केली न या डॉक्टरची चालू झाली. आमी करावं काय गा?" मग लोकांनी युक्ती काढली. डॉक्टरला पत्रिका द्यायची, न देणं बरं दिसत नाही. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी द्यायची. "साहेब, पोट्टा इसरला जी."

डॉक्टर तरी यायचे. तिसऱ्या दिवशी मच्छरदाणी घेऊन यायचे, उरलेली बुंदी खायचे आणि नव्या जोडप्याला खाटेवर बसवून दोघांच्या बोटांतून एकेक थेंब काढून न्यायचे. गोंडांच्या गावांमध्ये जाता यावं म्हणून ते गोंडी आकडे शिकले होते, पण चारपर्यंतच. चारच्या पुढे त्यांचं काही अडत नव्हतं. ते का, ते पुढे येईल.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला आणि गडचांदूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. काम बरण्यांमधले बेडूक सांभाळायचं, रुबाब प्राध्यापकाचा. गडचांदूरला सिमेंटचे कारखाने. सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत राखाडी होतो. माझं लग्न ठरलं होतं. मुलगी कोरपन्याजवळच्या एका गावातली, आश्रमशाळेत शिक्षिका. कांदेपोहे, होकार, सगळं रीतसर झालं. पण तिच्या वडिलांना कापूस निघाल्याशिवाय साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचा नव्हता. म्हणून मध्ये पाच-सहा महिने मिळाले.

ते महिने देऊन तिच्या वडिलांनी घोटाळाच केला म्हणायचा. ठरवून केलेल्या लग्नात माणसाला प्रेमात पडायला सवड द्यायची नसते. गडचांदूर ते कोरपना काय अंतर, दर रविवारी मी एसटीत बसायचो. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही दोघं बसायचो, तिच्या मावशीचा मुलगा पलीकडच्या टेबलावर राखणीला, समोसे खात. ती आली की पहिल्यांदा ओढणीच्या टोकानं माझ्या खांद्यावरचं सिमेंट झटकायची. "असेच राहिले त एक दिवस पाणी पडल्यावर जमून जाल तुमी." मी विनोद केला की ती लगेच हसायची नाही. आधी चहाचा घोट घ्यायची, तो गिळायची, मग हसायची. तेवढ्या वेळात माझा जीव खालीवर व्हायचा. नंतरच्या आयुष्यात लोक माझ्या विनोदांना वेळेवर हसत आले आहेत आणि मला प्रत्येक वेळी वाटतं, घाई केली यांनी.

त्याच दिवसांत मी सुट्टीवर गावी गेलो आणि डॉक्टरांनी विहारात शिबिर लावलं. रविवारची वंदना झाली, पंचशील झालं, डॉक्टर टेबल मांडून बसले आणि लोक चपला शोधायला लागले. टेबलासमोरची खुर्ची काही भरेना. तेव्हा मला काय वाटलं असेल? इस्त्रीचा शर्ट, नुकतं ठरलेलं लग्न, समोर सगळं गाव. मी उठलो. नुसता उठलो नाही, भाषण केलं. बी.एस्सी.ला आनुवंशिकतेत वाटाण्यांचा धडा होता, लांब वाटाणे आणि बुटके वाटाणे, त्यावर मला दहापैकी नऊ गुण होते. ते वाटाणे मी विहारात सांडले. "शिकलेल्या माणसानं उदाहरण घालून दिलं पाहिजे," असं म्हणून बोट पुढे केलं. माझ्यामागे चाळीस माणसं रांगेत लागली.

मी उदाहरण घालून द्यायला गेलो होतो, उदाहरणच झालो.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी आली, येऊन भेटा म्हणून. दवाखान्यात त्यांनी मला पिवळं कार्ड दिलं. पांढरं म्हणजे काही नाही, लाल म्हणजे आजार, पिवळं म्हणजे वाहक. "तुम्हाला आजार नाही आणि होणारही नाही," ते म्हणाले. "फक्त तुमच्या होणाऱ्या पत्नीचं रक्त एकदा तपासून घ्या." मी म्हटलं, "हो, हो, मी स्वतः वाटाणे शिकलोय." ते म्हणाले, "ऐकलं मी ते भाषण. उत्तम होतं."

तीन रविवार मी तिला काही सांगितलं नाही. कार्ड वरच्या खिशात घालून जायचो आणि तसंच घेऊन यायचो. चौथ्या रविवारी सिमेंट झटकताना तिच्याच हाताला ते लागलं. तिनं बाहेर काढलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पिवळं. मले मालूम हाय." आणि मग, "आमच्या घरी लाल आहे."

तिची मोठी बहीण. मी तिला दोन-तीनदा पाहिलं होतं. हसतमुख, शिवणकाम करायची, माझ्या शर्टाच्या मापावरून मला तोंडावर "हडकुळे जावई" म्हणायची. थंडीत ती घराबाहेर पडत नाही एवढं मला माहीत होतं. का पडत नाही ते मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कोण सांगतं? आम्हीही तिकडे कुठे काय सांगितलं होतं. डॉक्टरला कळू न देण्याची ही दुसरी बाजू; त्यात आपण एकमेकांनाही काही कळू देत नाही.

"मंग माझंबी पाहा लागंल," ती म्हणाली. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

तिचंही पिवळं निघालं.

आमच्या घरी बैठक बसली. मोठ्या मामाला दोन तास लागले समजायला. दोघंही धडधाकट, दोघंही कमावते, कोणालाच आजार नाही, मग आक्षेप कशाला? मी समजावलं: दोघंही वाहक असले तर चार लेकरांत एकाला आजार व्हायची शक्यता असते. मग मामाचा चेहरा उजळला.

"चारात एक?"

"हो."

"मंग तिनावरच थांबा ना! चौथं करू नका. आजकाल तीन तरी कोन करते?"

सगळी बैठक मोकळी झाली. आईनं डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, "एवढं शिकून याच्या ध्यानात नाई आलं पाहा." हसू नका. मी त्या रात्री अगदी शांत झोपलो. दहापैकी नऊ गुण मिळवलेल्या माणसाला मामाचा हिशेब पटला, कारण पटवून घ्यायचा होता.

पुढच्या रविवारी मी तिला तो सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "माझी ताई पहिलीच आहे." आणि मग म्हणाली, "मले तुमच्या डॉक्टरले भेटाचं आहे."

मुलीकडच्यांनी घर बघायला यायची रीत असते, त्या निमित्तानं ती मावशीला घेऊन आमच्या गावी आली. मावशी आईशी बोलत बसली आणि आम्ही दोघं माझ्या सायकलवरून दवाखान्यात गेलो. रस्त्याला दोन्हीकडे धान कापणीला आलेलं. ती मागे बसली होती आणि मी पायडल मारत होतो आणि मनात म्हणत होतो, दवाखाना जरा आणखी लांब बांधला असता तर सरकारचं काय गेलं असतं.

दुपार झाली होती, रोगी संपले होते. डॉक्टरांनी आमची दोन्ही कार्डं बघितली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मग खणातून एक डबी काढली. तिच्यात धान होतं. काही दाणे भरलेले, काही पोचट, आत काही नसलेले. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. त्यांनी माझ्यापुढे एका वाटीत एक भरला आणि एक पोचा टाकला. तिच्यापुढे दुसऱ्या वाटीत तसंच.

"तुमच्या दोघांजवळ हे आहे. लेकरू दोघांकडून एकेक घेतं. न बघता घेतं. घ्या."

आम्ही डोळे मिटून एकेक दाणा काढला. माझा भरला, तिचा पोचा. "हे वाहक," डॉक्टर म्हणाले. दाणे परत टाकले. पुन्हा. दोन्ही भरले. पुन्हा. पुन्हा. चार वेळा काढले, पाच वेळा काढले, दोन्ही पोचे काही आले नाहीत. मला घाम सुटला होता, पण आनंदाचा. सातव्यांदाही आले नाहीत तेव्हा मी वाटी बाजूला सारली. "झालं की, साहेब."

"अजून," ती म्हणाली.

आठव्यांदा दोन्ही पोचे निघाले. नवव्यांदा पुन्हा दोन्ही पोचे.

डॉक्टर म्हणाले, "दाण्यांना आधीचं काही आठवत नसतं. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. पहिलं लेकरूही असू शकतं, तिन्ही असू शकतात, एकही नसू शकतं." माझ्या मामाचा हिशेब त्यांच्या कानावर आधीच आला असणार. त्यांनी तो न हसता, मामाचं नावही न घेता मोडला.

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा. करायचं की नाही?"

"ते मी सांगणार नाही."

"सगळ्या गावाला सांगत फिरता. मंडपात येऊन सांगता."

"मंडपात मी तपासा म्हणतो. मोडा म्हणून मी आजवर कोणालाही म्हटलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लग्न करून मूल होऊ न देणारे लोक आहेत. दत्तक घेणारे आहेत. गर्भ असतानाच तपासणी होऊ शकते, पण त्यासाठी मुंबईला जावं लागतं, आणि तिथं निघालं तर काय करायचं, हे तेव्हा ठरवावं लागेल. आजार असलेलं मूल झालं तर त्याला मी जमेल तितकं सांभाळीन, चांगली जगतात मुलं. हे सगळं खरं आहे. यातलं तुम्हाला काय पेलेल, ते मला कसं कळणार?"

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला! नाही म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडून लग्न केलं असतं. हो म्हणाले असते तर त्यांच्या भरवशावर केलं असतं. ते नुसते समोर बसून राहिले.

परत येताना ती सायकलवर बसली नाही. आम्ही चालत आलो, सायकल मधोमध. मी सगळं बोलून टाकलं. दत्तक घेऊ. मुंबईला जाऊ. मूलच नको. मी खरं बोलत होतो, पण सगळं एका दमात बोलत होतो, आणि एका दमात बोललेलं मलाही खरं वाटत नव्हतं.

ती म्हणाली, "तुमच्या आईनं सकाळी पाळणा दाखवला मले. वर माळ्यावरचा. तुमीबी त्यातच झोपले म्हणे."

मी सायकलचं हँडल सरळ धरून चालत राहिलो.

"ताईले मी सांगितलं, जमत नाही बहुतेक म्हनून. ताई म्हणाली, काऊन? मी नसती झाली त बरं झालं असतं का?" ती थांबली. "काय सांगू मी तिले? तिच्याशिवाय आमच्या घरात कोणी हसत नाही. पन रात्रभर तिचे पाय मीच दाबते. लहानपणापासून मीच दाबते. मले पुन्हा, माझ्या लेकराचे..." बांधीत कापणी करणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "नवरी का गा?" मी म्हटलं, "हो बाई." ती शेवटची वेळ मी तिला नवरी म्हटल्याची.

सोयरीक मोडली. भांडण न होता मोडली, त्यामुळे लोकांना काय बोलावं ते कळेना. कोरपन्याला रविवारी जायचं नाही म्हणून मी काही महिने रविवारी बरण्या पुसायला कॉलेजात जायचो. त्या बेडकांना इतकी स्वच्छता हयातीत मिळाली नसेल.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायकोचं कार्ड पांढरं. ती आजही भांडणात म्हणते, "माझा सभाव पाह्यला नाई, रूप पाह्यलं नाई, कार्ड पाह्यलं न हो म्हटलं." तिला सगळं माहीत आहे, लपवायची मला हिंमत झाली नाही, आणि गावानं लपू दिलं नसतं. माझ्या लग्नाची पत्रिका मी स्वतः डॉक्टरांना दिली नाही. विसरलो नव्हतो. दिली नाही.

तिसऱ्या दिवशी ते मच्छरदाणी घेऊन आले. बुंदी खाल्ली. मी त्यांच्या समोर बसून राहिलो. जाताना मोटरसायकलला किक मारायच्या आधी ते म्हणाले, "तुमच्या त्या भाषणानंतर या गावात एकही लग्न न तपासता झालेलं नाही." मला वाटतं, त्यांना माझी समजूत काढायची होती, पण त्यांना तेवढी एकच भाषा येत होती. मी म्हटलं, "मच्छरदाणी डबल आहे ना?" ते हसले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाला मी वेळेवर गेलो नाही. ब्रह्मपुरीहून त्यांची गाडी निघून गेल्यावर स्टँडवर पोहोचलो, आणि तेही एसटीमुळे नाही, माझ्यामुळे.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि घरात कोणाचं लग्न ठरत असलं की पुतण्या-भाच्यांना बाजूला घेऊन कार्डं मागतो. पोरं मला बघून वाट बदलतात. एका भाचीनं तर तोंडावर म्हटलं, "मामा, तुम्ही डॉक्टर नसून एवढे वाईट आहात, असते तर काय झालं असतं!" तिचं कार्ड मात्र तिनं दुसऱ्या दिवशी दाखवलं. माझ्या मुलीचं पिवळं आहे. माझ्याकडून गेलं. नाक आईचं घेतलं आणि हे माझं.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न ब्रह्मपुरीला झालं. नवरी कोरपन्याकडची. मंगल परिणय लागला, फुलं टाकून झाली, पंगत बसायला लागली आणि नवरीकडच्या बायकांमध्ये मला ती दिसली. केस अर्धे पांढरे. ओळखायला वेळ लागला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण लागला नाही.

ती नवरीची शाळेतली बाई निघाली. आम्ही पंख्याखाली दोन खुर्च्यांवर बसलो. तिची ताई गेल्याला सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत शिवत होती म्हणाली. तिच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणारी एकही मुलगी ती रक्त तपासल्याशिवाय जाऊ देत नाही. "पोरी मले कंटाळल्या. म्हणते, मॅडमले दुसरं सुचतच नाई." माझ्या मुलीचं कार्ड पिवळं निघाल्याचं मी तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, "डॉक्टर कुठी असतात आता?" मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी शोधलं नव्हतं. "निवृत्त झाले असतील," मी म्हटलं. दोघंही थोडा वेळ त्यांच्याकडे बघत असल्यासारखे समोर बघत बसलो.

तिला एक मुलगा. तो तिच्या शेजारीच उभा होता, उंच, गडचांदूरला नोकरीला, मोबाइलवर जीपवाल्याशी बोलत. तेवढ्यात मोठा मामा काठी टेकत आला. आता ऐंशीच्या पुढे गेला आहे, माणसं विसरतो, पण सोयरिकी जमवणं विसरत नाही. त्यानं मुलाला खालून वरपर्यंत बघितलं, चौकशी केली, मग माझ्याकडे वळला.

"हे पोट्टं कोनाचं? या बाईचं? अरे मंग तुही पोट्टी हाय ना घरी! आपलीच मानसं दिसते. काऊन नाई पाहत?"

त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. मी विचारलं नाही, तिनंच मुलाकडे बघून हळूच मान हलवली. त्याचंही पिवळं.

"नाही जमत, मामा," आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं.

"काऊन नाई जमत? पोट्टा चांगला, पोट्टी चांगली."

"तब्येतीचं जुळत नाही, मामा," ती म्हणाली.

"तब्येत त दोघायची झ्याक हाय," मामा म्हणाला आणि आमच्या अडाणीपणावर मान हलवत जेवायला गेला. मुलाला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "आई, मूलची जीप लागली आहे. चंद्रपूरची गाडी तिथून मिळेल." मूल म्हणजे चंद्रपूरच्या वाटेवरचं तालुक्याचं गाव. तिच्या शाळेत दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

मी दोघांना सोडायला चौकात गेलो. बायकोनं जाऊ दिलं; नुसतं म्हणाली, "ताट वाढून ठेवतो, लवकर या. नाईतर नका येऊ लवकर." ती आणि मुलगा जीपमध्ये बसले. आमच्याकडची जीप भरल्याशिवाय निघत नाही. नऊ माणसं झाली होती, ड्रायव्हरला दहावं पाहिजे होतं. तो दारात उभा राहून "मूल, मूल, मूल" ओरडत होता. ती खिडकीशी, मी खाली. ऊन डोक्यावर. पुतण्याचं लग्न चांगलं झालं, आचारी चांगला होता, माझी मुलगी काय करते, धानाला यंदा पाणी कसं आहे, असं काहीबाही बोलून झालं. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही आणि तरी जीप निघत नव्हती. ती बाहेर बघत होती, मी आत बघत होतो. चौकात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी बघायचो आणि तो दुसरीकडे वळला की मला बरं वाटायचं. ड्रायव्हर वैतागला होता. म्हणाला, "आज सवारीच नाई बाप्पा." मी म्हटलं, "थांबा जरा, येईल कोणीतरी," आणि मनात म्हटलं, न येवो.

पंधरा मिनिटं मिळाली. मग एक माणूस पिशवी सांभाळत, घामाघूम होऊन पळत आला आणि तिच्या शेजारच्या जागेत बसला. त्याला जागा मिळाल्याचा फार आनंद झाला होता.